नातेवाईक : संचालक, समाजकल्याण

अकोल्यात उपाशी मरणं तसं अवघड आहे. कुठे ना कुठे भंडारा सुरू असतो, गुरुवारी प्रसादाची खिचडी असते, श्रावणात कावडीच्या वाटेवर तर खाणाऱ्यांपेक्षा वाढणारेच जास्त. पारा पंचेचाळीसवर गेला की चौकाचौकात पाणपोया लागतात. डिसेंबरात एखादं मंडळ रात्री गाडी घेऊन ब्लँकेटं वाटत फिरतं. टॉवर चौकात, गांधी रोडवर किंवा स्टेशनबाहेर जो माणूस भर मे महिन्यात अंगावर तीन शर्ट आणि वर स्वेटर चढवून बसलेला असतो, त्यालाही या सगळ्यातलं त्याच्या वाट्याचं मिळतं. पोहेवाला सकाळी एक प्लेट न बोलता त्याच्यापुढे ठेवतो. विचारलं तर म्हणतो, "कोनाचा हाय काय मालूम, पन कोनाले काई करत नाई तो."

मिळत नाही ती एकच गोष्ट : रोज ठरल्या वेळी एक गोळी, आणि ती पोटात गेली की नाही हे बघणारं माणूस.

भूक आपल्याला कळते, थंडी कळते. आजार मात्र कळूनही आपण तो नशिबाच्या खात्यावर टाकतो. स्किझोफ्रेनिया काही दुर्मीळ आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने साधारण तीनशे माणसांत एकाला तो असतो. त्यावरची औषधं सत्तर वर्षांपासून आहेत, नंतर आलेल्या रिस्पेरिडोन, ओलान्झापिनसारख्या गोळ्याही आता परवडणाऱ्या आहेत, आणि गोळी घेणं जमत नसेल त्याच्यासाठी महिन्याकाठी घ्यायची इंजेक्शनं आहेत. तरीही निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. आणि ही मोजणी घरोघरी जाऊन केलेली होती. ज्याला घरच नाही, तो या ९२ टक्क्यांतही धरलेला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण या प्रश्नावर 'कायदाच नाही' ही सबब फार ऐकू येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं शंभरावं कलम पोलिसांसाठी आहे. ठाण्याच्या हद्दीत कुणी भटकताना आढळला, तो मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटण्यास कारण असेल, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. कर्तव्य, मर्जी नव्हे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. अठरावं कलम सांगतं की निराधार आणि बेघर माणसाला सरकारी संस्थेत उपचार फुकट मिळतील, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. एकोणिसावं कलम तर आणखी पुढे जातं : त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि घरी राहणं शक्य नसेल तर सरकारने निवारागृहं, छोटी सामूहिक घरं उभी करायची आहेत.

या कायद्यातली मला सगळ्यात चटका लावणारी तरतूद चौदाव्या कलमात आहे. रुग्णाच्या वतीने निर्णयात साथ देणारा एक प्रतिनिधी असावा लागतो. रुग्णाने आधी कुणाला नेमलेलं असेल तर तो, नाहीतर नातेवाईक, नाहीतर सांभाळ करणारा, नाहीतर या कायद्याखालच्या पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती. आणि यांपैकी कुणीच नसेल तर समाजकल्याण विभागाचा संचालक किंवा त्याने नेमलेला माणूस. म्हणजे ज्याला पोहेवाला 'कोनाचा हाय काय मालूम' म्हणतो, त्याचा नातलग कोण हे संसदेने ठरवून ठेवलेलं आहे. फक्त त्या दोघांची अजून गाठ पडलेली नाही.

ही गाठ का पडत नाही, याचं खापर एकट्या पोलिसांवर फोडणं सोपं आहे आणि ते मला पटत नाही. रात्री अकरा वाजता ठाण्यात फोन येतो, तेव्हा तिथे एक जमादार आणि दोन शिपाई असतात. त्या माणसाला गाडीत घ्यायचं तर केसांच्या जटा झालेल्या, पायाला जखम, जखमेत अळ्या. या अळ्या टर्पेंटाइनचे थेंब टाकून बाहेर काढाव्या लागतात, एकेक, चिमट्याने. आणि तो माणूस ओरडत असताना त्याचा पाय धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. बाई असेल तर महिला शिपाई हवी, ती दुसऱ्या बंदोबस्तात. दवाखान्यात नेलं की केसपेपरवर 'अनोळखी इसम, वय अंदाजे ४०' असं लिहिलं जातं आणि मग विचारणा होते, याच्याजवळ थांबणार कोण? आपली सगळी सरकारी रुग्णालयं नातेवाईक नावाच्या बिनपगारी कर्मचाऱ्यावर चालतात. गोळ्या तोच आणतो, बेडपॅन तोच देतो, रुग्ण पळाला तर तोच शोधतो. तो नसला की अख्खी व्यवस्था अडते. डॉक्टर भला असला तरी वॉर्डातला एक बेड किती दिवस अडवून ठेवणार?

मग राहतं नागपूर. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर. नागपूरचं १८६४ मधलं, वऱ्हाडातले रुग्ण तिकडे जातात. अकोल्याहून अंतर अडीचशे किलोमीटर. नेऊन सोडणं एक वेळ जमतं. परत आणायला कुणी नसतं, आणि बरा झालेला माणूस आजाऱ्यांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं म्हातारा होतो. यावर सर्वोच्च न्यायालयात गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेत बरीच सुनावणी झाली. बऱ्या झालेल्यांसाठी घरं उभारा, असं न्यायालय सांगत असताना महाराष्ट्राने अशा रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवायला सुरुवात केली होती. २०१९ च्या जुलैत न्यायालयाने हे तत्काळ थांबवायला सांगितलं. प्रशासनाच्या डोक्यात हा माणूस कोणत्या खणात बसतो, ते या एका गोष्टीवरून कळतं. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा त्याला भिकारी म्हणून उचलतो, २०१७ चा कायदा रुग्ण म्हणून. आणि पहिला खण जुना, सवयीचा.

वऱ्हाडाबद्दल हे लिहिताना मात्र एक गोष्ट राहून राहून मनात येते. अनोळखी, अस्ताव्यस्त, उष्टं खाणाऱ्या माणसाकडे कसं बघायचं, याचा विचार या मुलखाने जितका केला तितका क्वचित कुठे झाला असेल. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते. महानुभावांचे ते परमगुरू. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात त्यांचं वागणं लोकांना वेडसर वाटे, हे कुठेही लपवलेलं नाही. ते कुणाच्याही घरात शिरत, हंड्यात हात घालत, मधेच रागावत, मधेच हसत. गाव वैतागे, दारं लावून घेई, आणि पुन्हा जेवूही घाली. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, तेही उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. गाडगेबाबा जन्मले तेही २३ फेब्रुवारीलाच, दोन वर्षं आधी, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावला. वाढले आपल्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे. चिंध्या आणि डोक्यावर गाडगं अशा वेशात ते गावात शिरत तेव्हा कुत्री मागे लागत, पोरं दगड मारत.

संतपण आणि आजार एकच, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो आचरटपणा होईल. मला म्हणायचंय ते पाहणाऱ्यांविषयी. या परंपरेने आपल्याला हात जोडायला शिकवलं, कोण कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही असं बजावलं, म्हणूनच पोहेवाल्याची प्लेट रोज निघते. पण हात जोडणं आणि दगड मारणं यांच्या मधली जागा, जिथे त्या माणसाला नाव विचारतात, जखम धुतात, डॉक्टरकडे नेतात, ती जागा आपल्याकडे रिकामी राहिली. गाडगेबाबांना ती जागा दिसली होती. म्हणून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बांधली, कारण गरिबाच्या उपचारात कुठे अडतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. बेघराला आसरा आणि रोग्याला औषधोपचार या दोन्ही गोष्टी त्यांच्या दशसूत्रीत आहेत. भिंतीभिंतीवर रंगवलेली ती दशसूत्री आपण वाचतो आणि तिच्याखालीच झोपलेल्या माणसाला ओलांडून जातो.

रिद्धपूरच्या काळातच तिकडे बेल्जियममधल्या गील गावात एक वेगळी गोष्ट सुरू झाली. तिथे संत डिम्फ्ना हिचं देवस्थान. बाधा उतरवायला लांबून रुग्ण आणत, देवळात जागा पुरेना, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. काही जण परत गेले, काही राहिले. एकोणिसाव्या शतकात सरकारने देवस्थान मोडलं नाही की रुग्णांना हुसकावलं नाही. गावात डॉक्टर आणि दवाखाना आणला, कुटुंबांना पैसे द्यायला सुरुवात केली. १९३८ च्या सुमारास या एका गावात साडेतीन हजारांवर रुग्ण घराघरांत राहत होते. आता संख्या बरीच घटली, पण पद्धत चालू आहे.

आपल्याकडे गीलची सुरुवात आहे, पुढचा भाग नाही. बुलडाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे नारळांची होळी पेटते, लाखोंची यात्रा भरते, आणि वर्षभर हिंदू-मुसलमान सगळेच घरातलं 'बाधलेलं' माणूस घेऊन येतात. काही जणांना साखळदंड असतो. काही जण सोबत आलेल्यांबरोबर परत जात नाहीत. साखळी बेकायदा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१७ चा कायदा दोन्ही तसं सांगतात. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ जण जळून मेले, हेही आपण विसरू नये. पण नुसती धाड घालून काय साधतं? साखळी सुटलेला माणूस चार दिवसांनी चिखली, अकोला, शेगाव, कुठल्या तरी फलाटावर दिसतो. गुजरातेत मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' शेजारी शेजारी ठेवण्याचा प्रयोग झाला : मुजावर दुआ करतो आणि मग रुग्णाला तिथेच बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतो. वऱ्हाडाला हाच रस्ता मानवेल असं मला वाटतं. आपल्या माणसावर डॉक्टरपेक्षा मुजावराचं जास्त चालतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि मग आहेत ती आश्रमातली माणसं. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळला नंदकिशोर आणि आरती पालवे यांचा सेवासंकल्प आहे. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांना घर देतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था. १९८८ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर सात हजारांवर माणसं उपचार होऊन घरी पोहोचली होती. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर. त्यांची मुलं मतिमंद, अनाथ. हा मनोरुग्णांचा प्रकल्प नव्हे, पण त्यांचा धडा इथे लागू पडतो. मुलांना बाप म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लावलं, आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की संस्थेबाहेर काढायचं हा नियम त्यांनी मानला नाही. ही मुलं आयुष्यभर इथेच राहू द्या, अशी त्यांची सरकारकडे वर्षानुवर्षं मागणी आहे. २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे सन्मान लवकर मिळतो, नियम बदलायला वेळ लागतो.

या सगळ्यांपुढे माझी मान आदराने खाली जाते, आणि तरीही त्यांच्यामुळे आपल्याला लागलेल्या एका सवयीबद्दल बोललं पाहिजे. आता शहरात असा माणूस दिसला की आपण आश्रमाचा नंबर शोधतो. गाडी येते, चार कार्यकर्ते उतरतात, त्याला उचलतात, आपण टाळ्या वाजवतो. काम झालं. चौक स्वच्छ झाला, मनही स्वच्छ झालं. आश्रमाची क्षमता शंभराची असते, तिथे आधीच दीडशे असतात, महिन्याचा किराणा देणग्यांवर. पण ते आपण विचारत नाही. सरकारही विचारत नाही, कारण तिथे एक दांपत्य आपलं आयुष्य झिजवत आहे आणि सरकारचं काम फुकटात होत आहे. दांपत्य थकल्यावर काय, याचं उत्तर कुणाकडेच नाही. त्यागावर उभी केलेली व्यवस्था त्याग करणाऱ्याच्या गुडघ्यांइतकीच टिकते.

याच सवयीचं आणखी घाणेरडं रूप मोबाइलवर दिसतं. रस्त्यावरच्या माणसाला धरून बसवायचं, मशीन फिरवून डोकं भादरायचं, नळीने पाणी मारायचं, नवा टी-शर्ट चढवायचा, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावायचा, मागे करुण गाणं. लाखोंनी बघितलेलं असतं. त्यात डॉक्टर नसतो, गोळी नसते, दुसरा दिवस नसतो. कायद्याच्या विसाव्या कलमात सक्तीने डोकं भादरण्याला स्पष्ट मनाई आहे, ती उगाच नाही. ज्याचा स्वतःवरचा ताबा आधीच सुटलेला आहे, त्याच्याकडून उरलेली शेवटची गोष्टही आपण हिसकावून घेतो, आणि त्याला सेवा म्हणतो.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. रस्त्यावरच्या वेड्या बाईला पोट आलेलं दिसतं, तेव्हा गाव हळहळतं. आधीच्या रात्रींबद्दल बोलत नाही. गुन्हा कुणी नोंदवायचा, जबाब कोण देणार, तिच्या बोलण्याला पुरावा कोण मानणार? मूल झालं की ते बालगृहात, ती पुन्हा रस्त्यावर. बाईसाठी चोवीस तास हा फार मोठा वेळ आहे; तिच्या बाबतीत शंभराव्या कलमाची अंमलबजावणी अंधार पडण्याआधी व्हायला हवी.

घरी पोहोचवणं हे तर सगळ्यांचं आवडतं शेवटचं पान असतं. अकोला जंक्शन आहे. मुंबई-हावडा रस्त्यावर, शिवाय खाली पूर्णा-हिंगोलीमार्गे तेलंगणाकडे फाटा. त्यामुळे आपल्या फलाटावर उतरलेला माणूस बंगालचा असू शकतो, आंध्रचा असू शकतो. औषध लागू पडलं की तो गावाचं नाव सांगतो, कधी आधारच्या ठशांवरून पत्ता लागतो, आई गळ्यात पडते. खरंच पडते, आणि ते बघायला मिळणं भाग्याचं आहे. पण सहा महिन्यांनी गोळ्या संपतात. तालुक्याला औषध नसतं, भाऊ मजुरीला गेलेला असतो, वहिनी घाबरते. माणूस पुन्हा गाडीत बसतो. आणि काहींचं घर हेच आजाराच्या मुळाशी असतं; तिथे पोहोचवणं म्हणजे परत ढकलणं.

म्हणून मला वाटतं की घर इथेच हवं, अकोल्यात, तो जिथे सापडला तिथे. चेन्नईच्या 'द बन्यन' संस्थेने 'होम अगेन' नावाने हे करून दाखवलं आहे : नेहमीच्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणं, सोबत एक पगारी मदतनीस. स्वयंपाक ते स्वतः करतात, भाजी आणतात, दाराला कुलूप आतून असतं. केरळ, आसाम, महाराष्ट्रातही हा प्रयोग पोहोचला. अकोल्याला यासाठी काहीच नव्याने शोधायचं नाही. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं सूत्र लाख वस्तीमागे एक निवारा. २०११ च्या जनगणनेत अकोला शहर सव्वाचार लाखांवर होतं, म्हणजे तेव्हाच चार निवारे हवेत. मानसोपचार विभाग असलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे. निवाऱ्यात आठवड्यातून दोनदा मानसोपचारतज्ज्ञ, रोज संध्याकाळी गोळ्या देणारी परिचारिका, आणि बरे झालेल्यांसाठी मलकापुरात, डाबकी रोडला, कुठेही, चार-पाच भाड्याची घरं. खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसेलही न दिसेल एवढा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खरोखर अवघड आहे : त्याला यायचंच नसेल तर? सक्तीने न्यायचं का? मी सक्तीचा चाहता नाही. वेडाच्या नावाखाली नको असलेल्या बायका डांबल्याची उदाहरणं या देशात पुष्कळ. पण जो जखमेतल्या अळ्यांसह बसून 'मला काही झालं नाही' म्हणतो, त्याचं ते म्हणणं स्वातंत्र्य समजून निघून जाणं हा आपल्या सोयीचा उदारपणा आहे. कायद्याने मधला मार्ग ठेवला आहे : ठरावीक मुदतीपुरतं दाखल करणं, पुनर्विलोकन मंडळाकडे दाद, आणि तो प्रतिनिधी. तो जागेवर असेल तरच हा मार्ग चालतो. आणि सक्तीची वेळ बऱ्याचदा येतच नाही. रोज चहा देणारा माणूस पंधरा दिवस गप्पा मारत राहिला, तर सोळाव्या दिवशी दवाखान्यात जायला तो तयार होतो, हे या कामातली माणसं सांगतात. घाई आपल्याला असते, त्याला नसते.

दुसरा आक्षेप : सोय केली की चारी दिशांनी लोक इथेच आणून सोडतील. सोडतील, काही दिवस. आजही सोडतातच, फक्त फलाटावर. याला उपाय अकोल्याने दार लावून घेणं हा नाही. अमरावती, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ यांनीही आपापली दारं उघडणं हा आहे, आणि एकाने आधी उघडल्याशिवाय दुसरा उघडत नाही.

तोवर करण्यासारखं एक काम आहे, त्याला आश्रम लागत नाही की देणगी लागत नाही. माहितीच्या अधिकारात तीन ठिकाणी अर्ज करायचे. जिल्हा पोलीस अधीक्षकांना : गेल्या वर्षात प्रत्येक ठाण्याने शंभराव्या कलमाखाली किती जणांना संरक्षणात घेतलं आणि किती जणांची बेपत्ता म्हणून नोंद केली? महापालिका आयुक्तांना : निवारे किती, त्यांत मानसिक आजारी किती, त्यांना औषध कोण देतं? आणि समाजकल्याण विभागाला : चौदाव्या कलमाप्रमाणे अकोला जिल्ह्यात ज्याचं कुणीच नाही त्याचा प्रतिनिधी म्हणून तुम्ही नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर काय? अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलं, की तो नंबर पोहेवाल्याच्या गाडीवर आणि फलाटावरच्या चहाच्या स्टॉलवर चिकटवायचा.